पीप वाढवला आणि फुफ्फुस कडक झालं: वायुकोशांत नेमकं काय घडतं?

व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूमोनियातून एआरडीएस (फुफ्फुसात द्रव भरून ऑक्सिजन घटण्याचा गंभीर आजार) झालेला पुरुष रुग्ण, उंची १६५ सेमी, वजन ७५ किलो, पूर्ण गुंगीत, स्वतः श्वास घेत नाही. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) ४५० मिली, पीप (श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसात टिकवलेला दाब) १०, प्लॅटो (श्वास भरून थांबवल्यावरचा दाब) २८. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून पीप १४ केला. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८८ वरून ९२ झालं, पण प्लॅटो ३४ वर गेला आणि रक्तदाब उतरला. पीपने बंद वायुकोश उघडतात, मग फुफ्फुस कडक का झालं? आणि प्लॅटो ३० च्या आत होता तेव्हा तरी फुफ्फुस सुरक्षित होतं का? (इथले सगळे दाब सेंटिमीटर पाण्यात आहेत.)

आधी उत्तर, मग कारणं. या रुग्णात १० ते १४ या टप्प्यात उघडण्याजोगे वायुकोश फारसे नव्हते, म्हणून वाढवलेला दाब आधीच उघड्या असलेल्या वायुकोशांनी झेलला. हे ओळखायला सीटी लागत नाही, दिलेल्या आकड्यांतच ते दिसतं. प्लॅटोतून पीप वजा करा: आधी १८, नंतर २०. श्वास तोच ४५० मिलीचा, पण तो आत घालायला जास्त दाब लागू लागला. कॉम्प्लायन्स (एक सेंटिमीटर दाबाला किती मिली हवा आत जाते तो आकडा) २५ वरून २२.५ वर आला. पुरेसे नवे वायुकोश उघडले असते तर तेच ४५० मिली जास्त ठिकाणी वाटले गेले असते आणि हा फरक १८ च्या खाली आला असता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, २८ ला सुद्धा हे फुफ्फुस सुरक्षित म्हणता येत नव्हतं.

आता वायुकोशांकडे वळू. निरोगी माणसात सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. १९६७ मध्ये ॲशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरून या आजाराचं पहिलं वर्णन केलं. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू पांढऱ्या दिसत, त्यामुळे सगळं फुफ्फुस सारखंच भिजलेलं आणि कडक आहे अशी समजूत बरीच वर्षं टिकली. १९८० च्या दशकात इटलीत गॅटिनोनींच्या गटाने अशा रुग्णांचे सीटी काढले तेव्हा चित्र बदललं. पाठीवर झोपवलेल्या रुग्णात पुढचा भाग बराचसा हवेने भरलेला, मागचा भाग घट्ट, आणि मधे दोन्हींची सरमिसळ. गंभीर रुग्णात हवा खेळणारं फुफ्फुस २०० ते ५०० ग्रॅमच उरतं, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढं. यालाच ‘बेबी लंग’ म्हणतात. त्या उरलेल्या भागाची स्वतःची लवचिकता जवळजवळ नेहमीसारखीच असते. आपण ‘कडक फुफ्फुस’ म्हणतो ते बहुतांशी लहान झालेलं फुफ्फुस असतं. म्हणून कॉम्प्लायन्सचा आकडा वाचताना ‘किती कडक’ यापेक्षा ‘किती उघडं’ असा वाचावा. २५ म्हणजे श्वास घ्यायला फार थोडी जागा शिल्लक आहे.

मागचा भाग बंद का पडतो? ओल्या घोंगड्या एकावर एक रचल्या तर तळाची घोंगडी वरच्या सगळ्यांच्या वजनाने दबते. एआरडीएसमध्ये फुफ्फुसाचं वजन दुपटीहून अधिक होऊ शकतं, आणि सगळ्यात मागच्या थरावर वरच्या ओल्या थरांचा भार येतो. शिवाय हृदयाचं वजन आणि पोटाकडून डायफ्रामवर येणारा दाब. जो थर उघडा ठेवायचा, तिथे या भाराहून जास्त दाब श्वासाच्या शेवटीही टिकायला हवा. पीपचं खरं काम हे.

इथे एक गैरसमज दूर करावा लागतो. पीप हा मुख्यतः उघडलेलं धरून ठेवतो. उघडण्याचं काम श्वास आत जातानाचा वरचा दाब करतो. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते, एकदा तो सुटला की पुढे सोपं होतं, आणि सुटलेला फुगा तसाच ठेवायला पहिल्या फुंकरीएवढा जोर लागत नाही. वायुकोशात आणि त्याकडे जाणाऱ्या बारीक श्वासनलिकेत असंच घडतं. वायुकोशाच्या आतला सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ पृष्ठताण कमी ठेवतो; रक्तातली प्रथिनं गळून वायुकोशात आली की तो निकामी होतो, पृष्ठताण वाढतो, आणि त्रिज्या लहान असलेली जागा उघडायला जास्त दाब लागतो. सगळ्या जागा एकाच दाबाला उघडत नाहीत. काही १५–२० ला सुटतात, काहींना ३० हून अधिक लागतात, आणि पू किंवा घट्ट स्रावाने भरलेल्या जागा कितीही दाब दिला तरी उघडत नाहीत. गॅटिनोनींच्या गटाने २००६ मध्ये ६८ रुग्णांचे ५, १५ आणि ४५ दाबाला सीटी काढले. उघडण्याजोगं फुफ्फुस सरासरी वजनाच्या १३ टक्केच होतं, आणि माणसागणिक फरक प्रचंड. सुमारे २४ टक्के भाग ४५ ला सुद्धा बंदच राहिला. न्यूमोनियाच्या रुग्णात पीपकडून मोठी अपेक्षा ठेवताना हे लक्षात असू द्यावं.

आता त्या भागाकडे, जिथे माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं: भरलेला वायुकोश आणि त्याचा शेजारी. बंद जागा म्हणजे चपटी झालेली जागा असं चित्र आपल्या डोक्यात असतं, पण एआरडीएसमध्ये बऱ्याच जागा द्रवाने भरलेल्या असतात. द्रवाच्या तोंडाशी वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि पृष्ठताणामुळे आतल्या द्रवाचा दाब शेजारच्या हवेच्या दाबापेक्षा कमी राहतो. दोघांमधली भिंत एकच. ती भरलेल्या बाजूला ओढली जाते, म्हणून भरलेला वायुकोश आकसतो आणि शेजारचा हवेचा वायुकोश श्वास सुरू व्हायच्या आधीच ताणलेला असतो. बाजेची एक सुतळी सैल पडली की तिचा भार शेजारच्या सुतळ्यांवर येतो, तसंच. मीड, ताकिशिमा आणि लीथ यांनी १९७० मध्ये गणिताने मांडलं होतं की फुफ्फुसावरचा दाब ३० असताना बंद आणि उघड्या भागाच्या सीमेवरचा ताण १४० च्या आसपास जाऊ शकतो. ते मोजमाप नव्हतं, आदर्श आकार धरून केलेला हिशेब होता, त्यामुळे १४० हा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. पण स्क्रीनवर दाब एकच दिसतो आणि फुफ्फुसातल्या काही भिंतींवर त्याच्या कितीतरी पट ताण असतो, हे त्यातून नीट कळतं.

इजा दोन वाटांनी होते. पहिली, जास्त ताणण्याने. दुसरी, प्रत्येक श्वासाला उघडण्या-मिटण्याने: द्रवाने चिकटलेली बारीक श्वासनलिका उघडताना हवेचा बुडबुडा पुढे सरकतो आणि त्याच्या टोकापाशी दाबात एकदम फरक पडतो, त्याने पेशींचा अस्तर सोलला जातो. मिनिटाला २५ श्वास म्हणजे दिवसात ३६,००० वेळा. दोन्हींतून दाहक द्रव्यं सुटतात, ती रक्तात उतरतात, आणि मूत्रपिंडासारखे लांबचे अवयवही बिघडतात.

वेब आणि टिअर्नी यांच्या १९७४ च्या प्रयोगात ४५ दाबाने श्वास दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं पीपशिवाय तासाभरात पाण्याने भरली. तोच वरचा दाब पण पीप १० ठेवल्यावर वायुकोशांत पाणी भरलं नाही. वरचा दाब ४५ आणि पीप १० असताना प्रत्येक श्वासाचा झोकाही लहान होतो, हे विसरू नये. पुढे १९८८ मध्ये ड्रेफस आणि सॉमोन यांनी काही उंदरांची छाती-पोट बाहेरून आवळलं आणि मग तोच मोठा दाब दिला. फुफ्फुस फुगू शकलं नाही आणि इजाही झाली नाही. उलट बाहेरून खेचून मोठा श्वास दिला, वायुमार्गातला दाब कमी असतानाही, तर इजा झाली. फुफ्फुसाला जखम होते ती ताणले जाण्याने; वायुमार्गातला दाब हा त्याचा अंदाज. तुतारी फुंकणाऱ्याच्या तोंडात मोठा दाब तयार होतो, पण छातीचे आणि पोटाचे स्नायूही तितकेच आवळलेले असतात, म्हणून त्याच्या वायुकोशांना काही होत नाही.

याचा खाटेजवळ उपयोग असा. प्लॅटोचा काही भाग फुफ्फुस ताणण्यात जातो, उरलेला छाती आणि पोट ढकलण्यात. पोट फुगलेलं असेल, रुग्ण लठ्ठ असेल, तर प्लॅटो ३२ असूनही फुफ्फुसावरचा ताण बेताचा असू शकतो. हडकुळ्या रुग्णात २६ सुद्धा जास्त ठरू शकतो. अन्ननलिकेतला फुगा असेल तर हे मोजता येतं. तो नसला तरी पोट दाबून पाहणं, मूत्राशयातून पोटाचा दाब मोजणं, नाकातल्या नळीतून जठर रिकामं करणं एवढं कुठल्याही जिल्हा रुग्णालयात होतं.

३० चा आकडा आला कुठून? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएस नेटवर्कच्या चाचणीत ८६१ रुग्ण होते. एका गटाला (उंचीवरून काढलेल्या वजनाच्या) किलोमागे ६ मिलीचा श्वास आणि प्लॅटो ३० पर्यंत, दुसऱ्याला १२ मिली आणि ५० पर्यंत. मृत्यू ३१ टक्के विरुद्ध ३९.८ टक्के. म्हणजे ३० ही त्या चाचणीत ठरवलेली वरची मर्यादा होती. त्याखाली धोका संपतो असं कोणी दाखवलेलं नाही. टेराग्नी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याच पद्धतीने श्वास दिलेल्या ३० रुग्णांचे सीटी पाहिले, तर १० जणांत प्रत्येक श्वासाला उघडा भाग जास्त ताणला जात होता. त्यांचं उघडं फुफ्फुसच इतकं लहान होतं की ६ मिली सुद्धा त्याला जड होते.

म्हणून प्लॅटोपेक्षा ड्रायव्हिंग प्रेशरकडे, म्हणजे प्लॅटो वजा पीप या आकड्याकडे, आधी बघावं असं माझं ठाम मत आहे. श्वासाचं आकारमान उंचीवरून ठरतं, पण ते झेलणाऱ्या फुफ्फुसाचं आकारमान आजाराने ठरवलेलं असतं, आणि ड्रायव्हिंग प्रेशर या दोन्हींचं गुणोत्तर सांगतो. अमातो यांच्या गटाने २०१५ मध्ये ९ चाचण्यांतल्या ३,५६२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली तेव्हा मृत्यूशी सगळ्यात घट्ट संबंध याच आकड्याचा दिसला. १५ च्या वर गेला की थांबून विचार करावा, आणि जमेल तिथे १३–१४ च्या खाली ठेवावा.

आता या रुग्णाचं काय करायचं? पहिली चूक पीपमध्ये नाही, टायडल व्हॉल्यूममध्ये आहे. ४५० मिली हे ७५ किलोला ६ मिली धरून आले. फुफ्फुस वजनाबरोबर वाढत नाही, उंचीवर ठरतं. पुरुषासाठी: ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेमीत वजा १५२.४). १६५ सेमीला साडेएकसष्ट किलो येतात, म्हणजे ६ मिलीने ३७० मिली. ४५० म्हणजे किलोमागे ७.३ झाले. स्त्रीसाठी ५० च्या जागी ४५.५, १५५ सेमी उंचीच्या बाईला ४८ किलो आणि २९० मिलीच्या आतच. रुग्ण झोपलेला असताना टेपने टाचेपासून डोक्यापर्यंत मोजा, नजरेने अंदाज करू नका.

पीप परत १० वर आणा आणि ३७० द्या. कॉम्प्लायन्स २५ राहिला तर ड्रायव्हिंग प्रेशर १५ च्या जवळ आणि प्लॅटो २५ येईल. तरीही १५ च्या वर राहिला तर ५ किंवा ४ मिलीपर्यंत उतरता येतं. कार्बन डायऑक्साइड चढेल. श्वासाची गती ३५ पर्यंत नेता येते, पण प्रत्येक बदलानंतर एक्स्पिरेटरी होल्ड (श्वास सोडल्यावर थांबवणं) करून ऑटो-पीप (हवा पूर्ण बाहेर न पडल्याने आत अडकलेला दाब) पाहा, नाहीतर जो पीप आपण लावला नाही तोही वायुकोशांवर बसलेला असतो. कॅथेटर माउंट (जोडनळी) आणि एचएमई फिल्टर (हवा ओलसर ठेवणारा) काढून गरम ह्युमिडिफायर लावला तर मृत जागा (जिथली हवा रक्तापर्यंत पोचत नाही) कमी होते. ३७० मिलीच्या श्वासात तेवढी बचत मोलाची असते. डोक्यातला दाब वाढलेला नसेल तर पीएच ७.२० च्या आसपास असताना घाबरून व्हॉल्यूम वाढवू नये.

पीप ठरवण्यासाठी ऑक्सिजन-पीपचा तक्ता (किती ऑक्सिजनला किती पीप) सुरुवातीला ठीक आहे, पण तक्त्याला हा रुग्ण माहीत नसतो. व्हॉल्यूम तोच ठेवून पीप २–३ ने बदला आणि प्लॅटो मोजा. पीप ४ ने वाढवला आणि प्लॅटो ४ पेक्षा कमी वाढला, तर नवी जागा उघडली. बरोबर ४ ने वाढला तर थोडं उघडलं, थोडं ताणलं, फायदा संशयास्पद. ४ पेक्षा जास्त वाढला, तर उघड्या जागा ताणल्या जात आहेत. तुमच्या रुग्णात तो ६ ने वाढला.

जास्त नेमकं हवं असेल तर एका श्वासाची चाचणी आहे. श्वासाची गती ८ पर्यंत कमी करा, पीप १५ वर थोडा वेळ ठेवा, मग एकाच श्वासात ५ वर आणा आणि त्या श्वासाची बाहेर आलेली हवा वाचा. समजा नेहमीचा श्वास ३५० मिली आणि त्या वेळी ७८० मिली बाहेर आले: जास्तीचे ४३०. आता पीप ५ ला कॉम्प्लायन्स मोजा; तो २५ असेल तर १० च्या फरकासाठी २५० मिली अपेक्षित होते. उरलेले १८० मिली नव्याने उघडलेल्या जागेतले. १८० भागिले १० म्हणजे १८, आणि १८ भागिले २५ म्हणजे ०.७२. हे गुणोत्तर ०.५ च्या वर असेल तर पीपने उघडण्याची शक्यता चांगली. त्याऐवजी ६५० मिलीच बाहेर आले असते तर उत्तर ०.२ आलं असतं, आणि अशा रुग्णात १५ चा पीप म्हणजे नुसता ताण. चाचणीआधी पीप ५ वर मिनिटाला ५–६ लिटर एवढ्या मंद प्रवाहाने एक श्वास देऊन दाबाची रेघ बघा: सुरुवातीला ती सरळ उभी चढून मग एकदम वळत असेल तर श्वासनलिका मिटलेल्या आहेत, आणि तो वळणाचा दाब हिशेबात धरावा लागतो.

मोजण्यातल्या चुका नेहमीच्याच. रुग्ण स्वतः जोर लावत असताना घेतलेला प्लॅटो निरुपयोगी असतो. होल्ड (श्वास भरून थांबवणं) किमान अर्धा सेकंद हवा. दोन-तीन सेकंद थांबलात तर दाब थोडा आणखी उतरतो, कारण हवा लवकर भरलेल्या भागातून सावकाश भरणाऱ्या भागात सरकते. कितीही थांबा, पण दर वेळी तेवढंच थांबा. श्वासनळीतल्या ट्यूबभोवतीच्या फुग्यातून (कफ) गळती असेल तर रेघ सपाट होतच नाही.

आता रक्तदाब आणि सॅच्युरेशनचं कोडं. ताणलेल्या वायुकोशाच्या भिंतीतल्या केशवाहिन्या चपट्या होतात, उजव्या हृदयाला रक्त ढकलायला जड जातं. छातीतला दाब वाढल्याने शिरांतून परत येणारं रक्तही घटतं. हृदयातून बाहेर पडणारं रक्त कमी झालं की बंद भागातून न शुद्ध होता जाणारं रक्तही कमी होतं, आणि एकही वायुकोश न उघडता सॅच्युरेशन चढू शकतं. ८८ वरून ९२ ही सुमारे साडेचार टक्क्यांची वाढ. रक्ताचा पुरवठा १० टक्क्यांनी घटला असेल तर अवयवांना मिळणारा ऑक्सिजन एकूण कमीच झाला. म्हणून पीप बदलल्यावर सॅच्युरेशनबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: रक्तदाब किंवा इकोवर उजवं हृदय, आणि त्याच श्वासाच्या गतीवर धमनीतला कार्बन डायऑक्साइड. तो चढला, किंवा त्याच्यातला आणि कॅप्नोग्राफच्या (बाहेर सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यातला फरक वाढला, तर हवा जाते पण रक्त जात नाही अशा जागा वाढल्या आहेत.

मग मोठा दाब देऊन एकदा सगळं उघडून का घेऊ नये? २०१७ च्या एआरटी चाचणीत १,०१० रुग्णांत हे तपासलं गेलं. पायरीपायरीने मोठा दाब देऊन, मग पीप ठरवलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ५५.३ टक्के, नेहमीच्या कमी पीपच्या गटात ४९.३ टक्के. सर्रास रिक्रूटमेंट (मोठ्या दाबाने फुफ्फुस उघडणं) करू नका, यावर माझ्या मनात शंका नाही.

याच कामासाठी पालथं झोपवणं कितीतरी चांगलं आहे. मागचा, संख्येने जास्त वायुकोश असलेला भाग वर येतो, हृदयाचं ओझं उरोस्थीवर जातं, आणि ताण सगळीकडे जास्त सारखा वाटला जातो. वरचा दाब न वाढवता जागा उघडतात. २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत ४६६ गंभीर रुग्ण होते; सलग किमान १६ तास पालथं ठेवलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, दुसऱ्यात ३२.८ टक्के. पीएफ गुणोत्तर (धमनीतला ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण) १५० च्या खाली, ऑक्सिजन ६० टक्के किंवा जास्त लागतोय, असा तुमचा रुग्ण असेल तर पीप १४ करण्याआधी हे व्हायला हवं होतं. दोन-तीन तासांत सरळ करू नका, आणि ‘ऑक्सिजन सुधारला नाही’ म्हणून सोडूनही देऊ नका. फायदा ताण वाटला जाण्यात आहे, तो सॅच्युरेशनमध्ये दिसेलच असं नाही.

गुंगी कमी केल्यावर वेगळी काळजी. प्रेशर सपोर्टवर (रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाला यंत्राने दाबाची मदत) वायुमार्गातला दाब १८ दिसतो, पण रुग्ण जोरात खेचत असेल तर फुफ्फुसावर त्याहून बराच जास्त ताण असतो, आणि पुढच्या भागातली हवा मागच्या भागाकडे ओढली जाते. मानेचे स्नायू ताठ, श्वास ३५–४० च्या गतीने, व्हॉल्यूम ६०० मिली, आणि मॉनिटरवर सगळं हिरवं, हे चित्र धोक्याचं आहे. तसंच डबल ट्रिगर: पहिला श्वास बाहेर पडायच्या आत दुसरा गेला की ३७० चे ७४० होतात.

शेवटी नळी. व्हेंटिलेटरपासून क्षणभर सुटली तरी धरून ठेवलेल्या जागा काही सेकंदांत मिटतात आणि पुन्हा उघडायला मिनिटं, कधी तास लागतात. सर्किट बदलताना किंवा रुग्ण दुसरीकडे नेताना आधी ईटी ट्यूबला (श्वासनळीतल्या नळीला) क्लॅम्प लावा, श्वास भरलेल्या क्षणी, आणि नवीन सर्किट जोडून झाल्यावरच काढा. सक्शन बंद सर्किटमधून, गरजेपुरतं. पीप कमी करतानाही एका वेळी २, आणि पुढच्या पायरीआधी काही तास जाऊ द्या: बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला वेळ लागतो, त्यामुळे वाढवल्यावर पाच मिनिटांत निकाल लावणं आणि कमी केल्यावर पाच मिनिटांत निश्चिंत होणं, दोन्ही टाळा.